डोंगरावरचा देव आणि त्याचे पाणी



बालाघाटाच्या उतारावर दसरा-दिवाळीच्या आगेमागे सीताफळ पिकते. ते आता इतके आपले झाले आहे की धारूरकडच्या एखाद्या म्हाताऱ्याला त्याचे मूळ विचारले, तर तो सीतामाईच्या वनवासाची कथा सांगेल. २०१६ साली ‘बीडचे सीताफळ’ म्हणून त्याला भौगोलिक मानांकनही मिळाले. वनस्पतिशास्त्र जाणणारे मात्र या झाडाचे मूळ अमेरिका खंडात मानतात. मका तिकडचा, मिरची तिकडची, पेरू तिकडचा. आणि चिकू तर नावासकट तिकडचा. मेक्सिकोतल्या एका भाषेत गोड, गराळ फळाला ‘त्सापोत्ल’ म्हणत. त्यावरून ‘सपोटा’ हा शब्द झाला, आणि त्याच शब्दावरून तिथल्या एका अख्ख्या लोकसमाजाला शेजाऱ्यांनी ‘झापोटेक’ असे नाव ठेवले. चिकूच्या मुलखातले लोक, एवढाच त्याचा अर्थ. ते स्वतःला ‘ढगांचे लोक’ म्हणवतात. नाव शेजाऱ्याने ठेवावे आणि ते पिढ्यान् पिढ्या अंगाला चिकटावे, हा प्रकार आपल्या गावगाड्याला नवा नाही.

या ढगांच्या लोकांनी अडीच हजार वर्षांपूर्वी एका डोंगराचा माथा सपाट करून त्यावर नगर वसविले, देवळे बांधली, आणि तेराशे वर्षे ते चालविले. आपणही डोंगराला देव मानणारी माणसे. तेव्हा त्यांचा डोंगर आणि आपला डोंगर शेजारी शेजारी ठेवून पाहावेत, असा आजचा बेत आहे.

आम्ही हमाल आणि ऊसतोड कामगार यांच्यात काम करतो. शाळा सातवीला सुटली. पुढचे शिक्षण संघटनेच्या कचेरीतल्या कपाटाने केले. त्यामुळे प्राचीन इतिहास वाचतानाही आमचे मन आधी ओझ्याकडे जाते. पंडित विचारतात, हे देऊळ कोणत्या राजाने बांधले, कोणत्या शैलीत बांधले. आम्ही विचारतो, दगड वर कोणी नेला? आणि देऊळ बांधून झाल्यावर रोजचे पाणी कोण नेत होते? दगड एकदा न्यावा लागतो, पाणी रोज.

प्रथम आपल्याच घरचे पाहू.

बीड जिल्ह्याचे दोन तुकडे आहेत हे इथल्या प्रत्येकाला माहीत आहे. आपण माजलगावकर गंगाथडीचे. गोदावरी आणि सिंदफणेच्या काळ्या रानातले. दक्षिणेला चढ लागतो तो बालाघाट. या वरच्या मुलखात ‘गड’ या शब्दाला एक वेगळाच अर्थ आहे. पुण्या-साताऱ्याकडे गड म्हणजे तटबंदी, तोफा आणि किल्लेदार. आपल्याकडे नारायणगड, गहिनीनाथगड, मच्छिंद्रनाथगड, आणि जिल्ह्याच्या वेशीबाहेर लागूनच असलेला भगवानगड. यांपैकी एकाही ठिकाणी कोणी लढाईसाठी बुरूज बांधला नाही. आपल्याकडे गड म्हणजे संताची गादी असलेला डोंगर. धारूरला खरा किल्ला आहे, पण जिल्ह्यात कोणी नुसते ‘गडावर चाललो’ म्हणाला, तर तो धारूरला चालला आहे असे कोणी समजत नाही.

या डोंगरांवर पाणी कुठून येते? बालाघाट हा लाव्ह्याच्या थरांचा डोंगर. विहीर खोदणारे वडार लोक हे थर भूगर्भशास्त्र्यांपेक्षा कमी जाणत नाहीत. वर कठीण काळा पाषाण, त्याखाली भोकाभोकांचा मऊ मांजऱ्या, मधूनच एखादा लाल मातीचा पट्टा, पुन्हा काळा पाषाण. पावसाचे पाणी वरच्या चिरांतून मुरते, मांजऱ्यात साठते. खालचा घट्ट थर त्याला पुढे जाऊ देत नाही, म्हणून ते आडवे सरकत डोंगराच्या कडेला पाझरते. जिथे ते बाहेर पडते तिथे उन्हाळ्यातही ओल असते, हिरवे झाड असते, जनावर येते, गुराखी येतो. आणि थोड्या काळाने तिथे शेंदूर लागलेला एक दगड दिसू लागतो. बालाघाटाच्या कडेलाच असलेल्या तुळजापूरला भक्त पायऱ्या चढत नाही, उतरतो. वाटेत कल्लोळतीर्थ आणि गोमुखतीर्थ लागते. बीडच्या दक्षिणेला कपिलधारेला धबधब्याच्या सान्निध्यात मन्मथस्वामींची समाधी आहे. तेव्हा आपल्याकडे पुष्कळ ठिकाणी देवाने डोंगर निवडला, यापेक्षा पाण्याने देवाची जागा दाखविली, असे म्हणणे अधिक खरे होईल.

पण सगळीकडे हा खुलासा पुरत नाही. कित्येक देव कोरड्या माथ्यावर बसलेले आहेत. त्यांचे काय?

याचे एक उत्तर गणिताच्या एका प्राध्यापकाने दिले. दामोदर धर्मानंद कोसंबी हे बुद्धिमान आणि अतिशय फटकळ गृहस्थ. पुण्याच्या आसपासचे डोंगर, खिंडी आणि जुन्या पायवाटा ते हातात काठी घेऊन हिंडले. डोंगरपठारांवरच्या आणि वाटांवरच्या लहानसहान देवींच्या ठाण्यांपाशी त्यांना अश्मयुगाच्या अखेरीची गारगोटीची बारीक हत्यारे, म्हणजे नखाएवढी पाती सापडू लागली. १९६२ साली प्रसिद्ध झालेल्या ‘मिथ अँड रिॲलिटी’ या पुस्तकात त्यांनी यावरून मांडणी केली. तिचा गाभा साधा आहे. नदीकाठची भारी काळी जमीन आज आपल्याला सोने वाटते. पण लोखंडी फाळ आणि सहा-आठ बैलांचे औत नसेल तर ती जमीन म्हणजे पावसाळ्यात चिखल आणि उन्हाळ्यात भेगा. लोखंड येण्यापूर्वीची माणसे म्हणून वरच्या हलक्या, मुरमाड जमिनीवर राहत, शिकार करीत, मेंढरे राखत. त्यांचे देव त्यांच्याजवळ, म्हणजे वर होते. पुढे लोखंड आले, नांगर आला, गावे खाली वसली. माणसे खाली उतरली. देव तिथेच राहिला.

आम्हाला ही मांडणी प्रथम वाचली तेव्हा उलटे घातलेले सदरे कोणीतरी सुलटे करून दिल्यासारखे वाटले. आपण समजतो, देव थोर म्हणून उंच नेऊन बसविला. बऱ्याच ठिकाणी तो नेलेलाच नाही. आपण त्याला सोडून आलो आहोत, आणि वर्षातून एकदा जत्रेच्या निमित्ताने जुन्या घरी परत जातो.

जेजुरी पाहा. खंडोबाची तिथे दोन ठाणी. कडेपठार उंच, अवघड आणि मूळचे. गडकोट खालचा, नंतरचा, पेशवे-होळकरांच्या काळात भरभराटीला आलेला. थकलेल्या भक्ताला चढवेना म्हणून देवच खाली आला, अशी कथा महाराष्ट्रातल्या अनेक डोंगरदेवांविषयी सांगतात. आमच्या मते या कथांत इतिहास आहे. पायऱ्यांना लोक ‘नवलाख’ म्हणतात. मोजल्या तर त्या काही शे भरतात. पण खांद्यावर पोर आणि डोक्यावर गाठोडे घेऊन चढणाऱ्या बाईचा हिशेब वेगळा असतो, तेव्हा तो आकडा आम्ही खोटा म्हणणार नाही.

या देवाच्या दोन बायका. म्हाळसा वाण्याच्या घरची, म्हणजे पेठेतली; बाणाई धनगराची, म्हणजे रानातली. गुंथर सोंथायमर नावाच्या जर्मन अभ्यासकाने धनगरांच्या वाड्यांवर मुक्काम करून, त्यांच्या ओव्या ऐकून या संसाराचा अर्थ लावला: स्थिर वस्तीची शेतीवाडी आणि फिरस्तीचे मेंढपाळ, या दोन जगांना एका घरात नांदविणारा हा देव आहे. त्याला मुसलमान भक्त आहेत; मल्लूखान असेही त्याचे नाव आहे. जोतीराव फुले यांनी १८७३ च्या ‘गुलामगिरी’त तर खंडोबा, जोतिबा यांना बळीराजाच्या राज्यातले अधिकारी ठरविले. याला कागदोपत्री पुरावा नाही. परंतु हे देव ब्राह्मणी पोथीत येण्याआधी कष्टकऱ्यांचे होते, हे ओळखायला पोथीबाहेरच्या माणसाचेच डोळे लागले, हेही खरे.

आणि पाणी? जेजुरीच्या पायथ्याशी पेशवे तलाव आहे, होळकर तलाव आहे. म्हणजे वैभवाच्या काळात पाण्याची सोय खाली करावी लागली. देवाची अंघोळ तर सोमवती अमावास्येला कऱ्हा नदीवर. पालखी गड उतरते, नदीला जाते, आणि परत चढते. देवासाठी नदी वर आणता येत नाही. म्हणून देवाला खांद्यावर घेऊन नदीकडे नेतात. खांदेकऱ्यांचे मान ठरलेले असतात आणि त्या मानासाठी भांडणेही होतात. ओझे उचलण्यासाठी माणसे भांडतात, असा देखावा आम्ही दुसरीकडे कुठेही पाहिलेला नाही.

सगळेच गोड होते असे नव्हे. याच देवाला मुली ‘मुरळी’ म्हणून वाहिल्या जात, आणि त्या बहुधा गरिबांच्या, अस्पृश्य मानलेल्यांच्या मुली असत. विसाव्या शतकाच्या आरंभी शिवराम जानबा कांबळे आणि महर्षी विठ्ठल रामजी शिंदे यांनी या चालीविरुद्ध मोहीम उघडली. डोंगरावर दगड आणि पाणीच चढते असे नाही. कधी कधी माणूसही नैवेद्य म्हणून चढतो. ही गोष्ट ध्यानात ठेवून आता समुद्रापलीकडे जाऊ.

दक्षिण मेक्सिकोत ओआहाका नावाचे खोरे आहे. तीन फाटे असलेले. इंग्रजी वाय अक्षर उलटसुलट टाकावे तसे. मुलूख आपल्यासारखाच, पाऊस मे-जून ते सप्टेंबर, एरवी कोरडे. मक्याची जी अत्यंत जुनी कणसे आजवर सापडली, ती याच खोऱ्यातल्या एका गुहेत. त्यांचे वय सव्वासहा हजार वर्षांच्या घरात आहे. इथे गावे वसली. सर्वांत मोठे गाव सान होसे मोगोते. वस्ती हजाराच्या आसपास. इसवी सनापूर्वी सहाव्या-सातव्या शतकाच्या सुमारास त्या गावचे मुख्य देऊळ जळाले. कोणीतरी जाळले, असे उत्खनन करणाऱ्यांचे मत. आणि इसवी सनापूर्वी ५०० च्या सुमारास खोऱ्यातल्या माणसांनी एक चमत्कारिक गोष्ट केली. तिन्ही फाटे जिथे मिळतात तिथे चारशे मीटर उंचीचा, कोणाचीही वस्ती नसलेला डोंगर होता. ते त्यावर जाऊन राहिले. स्पॅनिश लोकांनी पुढे त्याला ‘मोंते आल्बान’ असे नाव दिले.

आपल्याकडे माणसे खाली उतरली आणि देव वर राहिला. तिथे माणसे आपल्या देवांना घेऊन वर चढली. हा फरक मोठा आहे. खाली सुपीक मळा सोडून बोडक्या डोंगरावर कोण जाईल? ज्याला भीती आहे तो. किंवा जिथे कोणा एकाची मालकी नाही अशा जागी सर्वांनी मिळून राजधानी करायची आहे तो. पंडितांत या दोन मतांवर वाद आहे. डोंगराच्या उत्तर आणि पश्चिम अंगाला सुमारे तीन किलोमीटरची तटबंदी निघाली, त्यामुळे आम्ही भीतीच्या बाजूला थोडे झुकतो.

त्यांनी डोंगराचा माथा उतरवून, खळगे भरून सुमारे ३०० मीटर लांब आणि २०० मीटर रुंद असा चौक केला. त्यांच्यापाशी लोखंड नव्हते. गाडी नव्हती. बैल नाही, गाढव नाही, घोडा नाही. पाळीव प्राणी म्हणजे कुत्रा आणि टर्की कोंबडा. म्हणजे त्या डोंगरावर जे जे आहे, ते सारे माणसाच्या पाठीवरून वर गेले आहे. कपाळाला पट्टा लावून पाठीवर ओझे घ्यायची त्या देशातली रीत आहे. पुढच्या काळातल्या ॲझ्टेक राज्यातले हमाल दोन अरोबा, म्हणजे सुमारे २३ किलो ओझे नेत, अशी नोंद स्पॅनिश शिपायाने लिहून ठेवली आहे. आमच्या हमाल श्रोत्यांना हसू येईल. एका मोठ्या बाजारपेठेत आम्ही स्वतः शंभर किलोचे पोते पाठीवर घेतलेली माणसे रोज पाहिली आहेत, आणि पन्नाशीत त्यांचे गुडघे काय झाले तेही पाहिले आहे. आंतरराष्ट्रीय श्रमसंघटनेने ५५ किलोंची मर्यादा सुचविली ती १९६७ साली, आणि आपल्याकडचा माथाडी कायदा आला १९६९ साली. ‘रानटी’ म्हणून ज्यांना गोऱ्यांनी नावे ठेवली, त्यांचे ओझे तेवीस किलोंचे.

आता पाण्याचा हिशेब. माथ्यावर झरा नाही. भरभराटीच्या काळात डोंगरावर आणि त्याच्या उतारांवर पंचवीस हजारांच्या आसपास माणसे राहत होती, असा अंदाज आहे. उतारावर त्यांनी दोन हजारांहून अधिक पायठाणे पाडली होती. एकेका पायठाणावर घर आणि परसू. आपण कमीत कमी धरू. दहा हजार माणसांना खालचे पाणी लागते, आणि माणशी पिण्या-रांधण्याला पाच लिटर. झाले पन्नास हजार लिटर. एका खेपेला वीस लिटर आले तर रोज अडीच हजार खेपा, चारशे मीटरची चढण. हा हिशेब आमचा आहे, दगडावर कोरलेला नव्हे. पावसाचे पाणी साठविण्याची टाकी आणि गटारे तिथे होती, त्यामुळे पावसाळ्यात खेपा कमी पडत असतील. पण मार्च-एप्रिलमध्ये? तांड्यावरच्या कोणत्याही बाईला विचारा. ती न शिकता उत्तर देईल.

एवढी माणसे एवढी वर्षे का चढली? पाऊस पाडणारा, वीज फेकणारा देव त्यांचा मुख्य देव. ‘कोसीहो’ त्याचे नाव. कोरड्या मुलखात ढगाच्या जवळ देऊळ असावे, यात नवल नाही. बाजार होता, सण होते, राजाचा दरबार होता. पण चौकाच्या कडेला आणखी एक गोष्ट होती. तीनशेहून अधिक दगडी फरशांवर नागडी, हातपाय वेडेवाकडे झालेली, डोळे मिटलेली माणसे कोरलेली आहेत. पहिल्या पाहणाऱ्यांनी त्यांना ‘नाचणारे’ असे नाव दिले, आणि तेच चालू आहे. बहुतेक अभ्यासक आता मानतात की ते नाच करीत नाहीत. ती मारलेल्या कैद्यांची प्रेते आहेत. काहींच्या शेजारी अक्षरचिन्हेही आहेत, ती त्यांची नावे असावीत. अमेरिका खंडातल्या अत्यंत जुन्या लेखनांत याची गणना होते. सान होसे मोगोतेला असाच एक दगड दोन इमारतींच्या मधल्या वाटेवर आडवा पडलेला सापडला. जाणाऱ्या-येणाऱ्याने त्याच्यावर पाय देऊनच जायचे.

चौकाच्या मध्यावर बाणाच्या टोकासारखी एक इमारत आहे. तिच्यावरच्या चाळीसहून अधिक फरशांवर गावांची नावे आहेत. गावाचे नाव लिहायचे म्हणजे आधी डोंगराचे चिन्ह काढायचे आणि त्यावर त्या गावाची खूण. अमक्याचा डोंगर, तमक्याचा डोंगर. काही फरशांवर त्या डोंगराखाली उलटे लटकणारे डोके आहे. मेक्सिकोचे मोठे पुरातत्त्वज्ञ आल्फोन्सो कासो यांनी त्याचा अर्थ लावला, जिंकलेले गाव. कासो यांनी १९३१ पासून अठरा वर्षे हा डोंगर खणला. १९३२ च्या जानेवारीत त्यांना ‘सातवे थडगे’ सापडले. सोने, मोती, पिरोजा, कोरलेली हाडे. जगभर गाजावाजा झाला. बांधले झापोटेकांनी, पण आतला ऐवज पुढे शेकडो वर्षांनी आलेल्या मिश्टेक सरदारांचा. डोंगर ओस पडल्यावरही बाहेरचे लोक आपले मृत तिथे आणून पुरत होते.

तो ओस पडला इसवी सन ८०० च्या सुमारास. त्याच शतकात आपल्या मराठवाड्यात राष्ट्रकूट राजा कृष्ण पहिला याच्या काळी वेरूळचे कैलास लेणे कोरले जात होते. इकडे माथ्यापासून खाली डोंगर कोरीत होते, तिकडे माथ्यावरचे नगर सोडून लोक खाली उतरत होते. एकाएकी जळून गेले, परकीयांनी कापून काढले, असे काही आढळत नाही. चौकाची डागडुजी थांबली, नवी देवळे होईनात, खोऱ्यातल्या गावांना वरच्या राजाची गरज उरली नाही. आम्ही आमच्या भाषेत म्हणू, खेपा बंद झाल्या.

पण लोक संपले नाहीत. पुस्तकांत ‘लुप्त संस्कृती’ असे छापतात तेव्हा आम्हाला राग येतो. मेक्सिकोचा थोर राष्ट्राध्यक्ष बेनितो हुआरेस, ज्याने चर्चच्या जमिनीवर आणि परकीय बादशहावर हात टाकला, तो १८०६ साली एका झापोटेक खेड्यात जन्मला. आजही चार लाखांहून अधिक माणसे झापोटेक भाषा बोलतात. त्यांच्या गावांत ‘तेकियो’ नावाची रीत आहे. रस्ता, शाळा, पाण्याची टाकी, देऊळ, जे गावाचे काम असेल त्यासाठी प्रत्येक घराने ठरलेले दिवस बिनमजुरी राबायचे. गावसभा दिवस ठरविते. जो येणार नाही त्याने पैसे भरायचे किंवा बदली माणूस द्यायचा. आपल्याकडची इर्जिक आणि सावड याच जातीच्या.

इथे एक बारीक रेषा आहे. निजामाच्या राज्यात आपल्या आजोबा-पणजोबांनीही बिनमजुरीचे काम केले. त्याला वेठ म्हणत. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हा जिल्हा हैदराबाद संस्थानात होता. पाटलाचे, देशमुखाचे, अंमलदाराचे ओझे गावाने फुकट वाहायचे. वेठ आणि सावड लांबून सारख्याच दिसतात: तोच दगड, तीच पाठ, तोच डोंगर. दिवस कोणी ठरविला, आणि न येणाऱ्याचे काय होते, एवढ्यावर फरक. मोंते आल्बानचा चौक सावडीने झाला की वेठीने, हे फरशा सांगत नाहीत. आरंभी सावड आणि पुढे वेठ झाली असावी, असे आम्हाला वाटते. चौकाच्या कडेला प्रेते कोरण्याची गरज सावडीला पडत नाही.

आपल्या दगडांवर कोणाची नावे आहेत, तेही पाहिले पाहिजे. कार्ल्याचे चैत्यगृह डोंगरात आहे, शेजारी एकवीरा आहे. तिथे धेनुकाकट गावच्या सामी नावाच्या सुताराने दार केले, असे स्पष्ट कोरलेले आहे. आपल्या मराठवाड्यातल्या पितळखोऱ्याला एक यक्षाची मूर्ती सापडली. तिच्या हातावर घडविणाऱ्याचे नाव आहे, कान्हदास सोनार. जुन्नरच्या लेण्यांत बुरुडांच्या आणि कासारांच्या श्रेणींनी दिलेल्या देणग्या आहेत. नाशिकच्या लेण्यात उषवदाताने कोष्ट्यांच्या श्रेणीकडे दोन हजार कार्षापण दरमहा शेकडा एक व्याजाने ठेवले, त्या व्याजातून भिक्षूंना कपडा मिळावा म्हणून. म्हणजे त्या काळी कामगारांच्या संघटनेवर पैसे ठेवण्याइतका भरवसा होता. आणि ठिकठिकाणच्या लेखांत ‘पोढी’ हा शब्द येतो. पोढी म्हणजे खडकात खोदलेले पाण्याचे टाके. कोणी गृहस्थाने खोली दिली, कोणी पोढी दिली. डोंगरावर राहायचे तर पाण्याची तजवीज हे पुण्य, हे त्यांनी ओळखले होते.

पुढे नावे बदलली. आपल्याच तालुक्यात, डोंगरावर नव्हे तर गोदेच्या काठी, पुरुषोत्तमपुरीला रामचंद्र यादवाचा शके १२३२, म्हणजे इसवी सन १३१० चा ताम्रपट सापडला. महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी तो वाचून प्रसिद्ध केला. त्यात राजाची वंशावळ आहे, त्याचे पराक्रम आहेत, प्रधान पुरुषोत्तम आहे, अग्रहार आहे. सुतार नाही, कासार नाही. तेराशे वर्षांत कारागीर दगडावरून पुसला गेला. आजच्या देवळांच्या पायऱ्यांवर संगमरवरी फरशा दिसतात. त्यांवरही देणगीदाराचे नाव, वडिलांचे नाव, गाव आणि रक्कम. फरशी खालून वर नेणाऱ्याचे नाव नाही.

आता तर वर नेणाऱ्याचीच गरज संपत चालली आहे. सप्तशृंगगडावर २०१८ साली रुळांवरची ट्रॉली सुरू झाली. म्हाताऱ्यांची, अपंगांची सोय झाली. आम्ही तिच्या विरुद्ध नाही. गडांना आणि लेण्यांना डोलीवाले असत, कित्येक ठिकाणी अजून आहेत. चौघांनी एकाला खांद्यावर वाहायचे हे काम जावे असेच आम्हाला वाटते. परंतु ट्रॉलीचे, रस्त्याचे, रोपवेचे अंदाजपत्रक होते तेव्हा त्यात दगड-सिमेंटचा आकडा असतो. डोलीवाल्याच्या पुढच्या पोटापाण्याचा रकाना नसतो. तो रकाना काढायला लावणे, हे आमच्यासारख्यांचे काम.

आणि बालाघाटाचे काय? कोसंबींनी सांगितलेली खाली उतरण्याची गोष्ट आपल्या जिल्ह्यात अजून दरवर्षी घडते. दसऱ्याला गडावर मेळावा होतो, आणि मग मुकादमाची उचल घेतलेले कोयते साखरेच्या पट्ट्याकडे निघतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. एकटा असेल तर अर्धा. पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात, उसाच्या फडाशेजारी पाचटाच्या कोपीत सहा महिने. झापोटेकांचेही हेच झाले आहे. त्यांची हजारो माणसे कॅलिफोर्नियाच्या मळ्यांत आणि लॉस एंजेलिसच्या हॉटेलांत राबतात. फरक एवढाच की त्यांच्या गावसभा परदेशी गेलेल्यालाही तेकियोतून सोडत नाहीत. त्याने पैसे पाठवायचे, बदली माणूस लावायचा, किंवा गावाने नेमले तर काम सोडून परत यायचे. त्या बदल्यात गावात त्याचे मत राहते, जमिनीचा हक्क राहतो, मेल्यावर जागा राहते. आपल्या कोयत्याला सहा महिन्यांत ग्रामसभेची नोटीसही पोचत नाही.

एका वाडीने मात्र हा प्रश्न आपल्यापुरता सोडविलेला आम्ही पाहिला. बालाघाटावरची ती वाडी. वर देवीचे ठाणे, माथ्यावर पाणी नाही. जत्रा चैत्रात, म्हणजे टोळ्या परतायच्या सुमारास. वाडीतली पन्नासेक घरे, त्यांतली तीन हिस्से घरे तोडणीला जाणारी. पूर्वी हौद भरण्याचे काम एकाच आळीवर होते; ते का, हे सांगायला नको. बायकांनी हरकत घेतली. आता टोळी परत आली की पहिल्या आठवड्यात पारावर बैठक होते, घरांच्या चिठ्ठ्या डब्यात टाकतात, आणि दर घराला चार खेपा येतात. सरपंचाच्या घरालाही चार. ज्यांची टोळी कारखान्यावर अडकली असेल, त्यांच्या खेपा भावकीने घालायच्या आणि त्यांनी आल्यावर फेडायच्या. खेपांची वही एक सातवीतली मुलगी लिहिते. तिने ती आम्हाला दाखविली. गेल्या जत्रेला दोन घरांच्या मिळून तीन खेपा बाकी होत्या, आणि त्यांच्यापुढे तिने लाल शाईने फुल्या मारल्या होत्या.